नंदाची गाडी आणि पंचायतीचा टीव्ही

रेडिओ बिघडला की माणूस आधी त्याला चापट मारतो. कर्जतच्या बाजारात उभा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवून छातीठोकपणे सांगता येईल असं ज्ञान मला एवढंच मिळालं. मास्तर असो, व्यापारी असो, भातवाला शेतकरी असो, चापट आधी आणि दुकान नंतर. पंचाईत अशी, की कधीकधी चापटीने रेडिओ खरंच सुरू होतो. आत तारेचा एखादा शिशाचा डाग सुटलेला असतो, हादरा बसला की तार पुन्हा जागेवर टेकते आणि बातम्या लागतात. मग त्या घरात चापट हाच उपाय कायमचा. त्या मारण्यानं बाकीचे डागही सुटतात, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कोण ऐकतो!

या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळीला लोकांना हलकंफुलकं लागतं. गमती आहेत माझ्याकडे. दोन-चार सांगतोही. पण एक गोष्ट हलकी नाही, आणि ती लिहायला मिळेल म्हणूनच मी लिहायला होकार दिला. ज्यांना फराळासोबत गोडच हवं असेल त्यांनी पान उलटावं.

आमचा धंदा बाहेरच्याला वाटतो तेवढा गूढ नाही. शेतकरी पाटाच्या कडेने पाणी कुठवर आलं ते बघत चालत जातो ना, तसंच. वीज कुठवर पोचते आणि कुठून पुढे जात नाही, ते एका टोकापासून तपासत जायचं. जिथे अडली तिथे बिघाड. तो भाग काढा, दुसरा लावा, डाग द्या, झालं. अवघड असतं ते गिऱ्हाईक.

कडावकडचे एक म्हातारबाबा होते. व्हॉल्व्हचा मोठा सेट डोक्यावर घेऊन आले. तक्रार काय, तर "माझ्या रेडिओत भाताचा भाव कमी सांगतात, शेजाऱ्याच्या रेडिओत जास्ती सांगतात." शेजारी त्यांना खिजवत होता, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. मी समजावलं, पटेना. शेवटी शेजाऱ्याचाही सेट मागवून घेतला आणि दोन्ही एका टेबलावर ठेवून बाजारभावाच्या वेळेला लावले. दोन्हींतून एकच आवाज, एकच आकडा. म्हातारबाबा शांतपणे ऐकत बसले आणि म्हणाले, "तुमच्या दुकानात घाबरतो त्यो. घरी बोलतो तसा हितं नाय बोलत." सेट उचलला आणि गेले. त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो.

दुसरी एक बाई पावसाळ्यानंतर ट्रान्झिस्टर घेऊन आली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे लाकडाला बुरशी आणि लोखंडाला गंज, म्हणून लोक रेडिओ चुलीवरच्या माळ्यावर, उबेला ठेवतात. हिने तो सुक्या बोंबलांच्या टोपलीतच ठेवलेला. उंदरांनी बोंबील खाल्ले, मग चवीला स्पीकरचा कागदही खाल्ला. दुरुस्त केला, छान वाजायला लागला, पण वास काही गेला नाही. बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आमाला सवय हाय."

मग टीव्ही आले आणि माझं अर्धं आयुष्य लोकांच्या कौलांवर गेलं. मुंबईच्या मनोऱ्यावरून सुटलेलं चित्र आमच्याकडे यायचं तर मधे माथेरानचा डोंगर आडवा. त्यामुळे उंच पाइपावर अँटेना आणि तिच्याखाली बूस्टर. बूस्टर हे फार भोळं यंत्र. जे येईल ते मोठं करतं. मुंबईचं चित्र मोठं करतं आणि शेजारणीच्या मिक्सरची खरखरही तेवढीच मोठी करतं. शिवाय अँटेना जरा वळली की चित्र गेलं. ती पुन्हा लावायची तर तीन माणसं लागायची. मी वर पाइप धरून, एक जण आत पडद्यासमोर, आणि एक जण खिडकीत, आतलं ओरडणं बाहेर पोचवायला. "आलं, आलं, गेलं, मागं घ्या, बास!" त्या काळात तालुक्यातली सगळी गावं मला कौलांवरून दिसली.

अशाच एका गावात, डोंगराच्या पायथ्याला, खालापूरच्या अंगाला, ग्रामपंचायतीनं टीव्ही घेतला. अख्ख्या गावात एकच. पंचायतीच्या हॉलमध्ये लाकडी कपाटात तो असायचा आणि कपाटाची किल्ली गणपत शिपायाच्या करगोट्याला. अँटेना, बूस्टर सगळं मीच लावून दिलं होतं. रविवारी संध्याकाळी सिनेमाला हॉल भरून लोक ओट्यावर बसायचे. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट, साल नेमकं आठवत नाही.

त्याच गावातली सखू एक दिवस दुकानात आली. नवऱ्यानं खोपोलीत दुसरी बाई ठेवली, तेव्हापासून ही मुलीला घेऊन भावाच्या घरी राहायची आणि नदीकाठच्या एका मुंबईच्या शेटच्या बंगल्यावर कामाला जायची. पिशवीतून तिनं एक गाडी काढली. लाल रंगाची, परदेशी, वीतभर लांब. सोबत एरियल मोडलेला रिमोट. बटण दाबलं की तारेशिवाय पळणारी गाडी तोवर कर्जतमध्ये फार कुणी पाहिलेली नव्हती. मी एक-दोनदा उघडून बघितली होती, बस्स.

"शेटच्या पोरानं टाकली व्हती," सखू म्हणाली. "भंगारात चाललेली, मी मागून घेतली. हिनं जीव खाल्लाय माझा."

ही म्हणजे तिची मुलगी नंदा. कर्जतलाच शाळेत होती, सातवीत. एसटी स्टँडकडे जाताना माझं दुकान वाटेवर. दोन वेण्या, एक रिबीन लाल आणि एक निळी.

"चालंल का काका?" तिनं विचारलं.

"चालली तर तुझी, नाही चालली तर माझी," मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही. गाडी तिनं स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "मग मी बसते हितं. माझ्यासमोर खोला."

तेव्हापासून शाळा सुटली की एसटीची वेळ होईपर्यंत ती माझ्या टेबलाच्या पलीकडे. गाडीत सेल तसेच राहून गेलेले, ते फुटून पत्र्यांवर हिरवा-पांढरा चोथा जमलेला. लिंबू आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन तिनं तो चोथा काढला. पत्रा चकाकायला लागेपर्यंत सोडला नाही. मोटर जळून गेलेली. दात असलेलं एक प्लास्टिकचं चाक एका बाजूनं झिजलेलं. मी म्हटलं, हे चाक मुंबईतसुद्धा मिळायचं नाही. तिनं ते हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाली, "ह्या बाजूचे दात चांगले हायत. उलटं बसवलं तर?" बसलं की राव! मी चहा मागवला दोघांना.

डाग द्यायलाही तीच शिकली. नव्या माणसाला आधी वाटतं, शिसं वितळवून तारेवर सोडलं की काम झालं. तसं नाही. आधी तार तापवायची, मग शिसं आपोआप धावतं. तिचा पहिला डाग ढेकळासारखा आला. मी सांगायच्या आतच तिनं तो उपटला. पुढे पुढे तिचे डाग माझ्यापेक्षा नेटके यायला लागले. माझी नजर तेव्हा चाळिशीनंतरची, तिची बाराची, एवढाच फरक, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. खरं म्हणजे हात होता पोरीचा.

जुनी गाडी नुसती चालू करून आमचं भागलं नाही. मुंबईला सामान आणायला गेलो तेव्हा जुन्या बाजारातून एक तगडी मोटर आणली. तुळतुळीत चाकं मातीत घसरायची, म्हणून नंदानं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर चढवल्या. रिमोटला एका मेलेल्या ट्रान्झिस्टरचं लांब एरियल लावलं. पुढे दोन टॉर्चचे बल्ब. आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकानं मला चार्ज होणारे सेल दिले होते, ते या गाडीला दिले. चार्जर मी घरीच बनवलेला, तो दुकानात असायचा, कारण तिच्या मामाच्या घरी एकच दिवा आणि एकही प्लग नव्हता. मग रिमोट आणि गाडीचा सूर जुळवला. आतल्या कॉइलमध्ये एक खिळा असतो, तो लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवला तर सूर चुकतो, म्हणून आम्ही बांबूची काडी तासून घेतो. नंदा रिमोट घेऊन बाजारातून मागे मागे चालत गेली, मी काडी फिरवत बसलो, आणि ती थेट भाजीवाल्यांपर्यंत पोचली तरी गाडी तिचं ऐकत होती. एका भाजीवालीच्या पाटीखालून गाडी बाहेर काढली तेव्हा बाजारातली माणसं उभी राहून बघत होती. माझ्या दुकानाला इतकी इज्जत त्याआधी कधी मिळाली नव्हती.

त्याच सुमारास सखू एकदा एकटी येऊन बसली. म्हणाली, "शेठाणी लय मागं लागलीय. नंदीला मुंबईला द्या म्हंते, धाकटं पोर सांबाळायला. दादाला बी सांगून झालं तिचं."

"मग?"

"मी नाय म्हटलंय. पोर शाळंत जाते तवर नाय. पन काका, ऱ्हातो दादाच्या घरात ना आमी. गावातनं कुनी चार शब्द बोललं का त्याला ऐकून घ्यावं लागतं."

हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं, हे मुद्दाम सांगतो. पोरीची शाळा तिच्या मामाच्या एका शब्दावर होती आणि मामाचा शब्द गावाच्या तोंडावर.

गाडी गावात गेली आणि पंधरवड्यात गणपत शिपाई माझ्या दारात. "काका, रविवारी पिक्चरला पडदाभर मुंग्या. मधीच येतात, मधीच जातात. लोकांनी माझी गचांडी धरायची बाकी ठेवलीय."

मी गेलो, अँटेना बघितली, बूस्टर बघितला. सगळं ठीक. निघताना नंदा अंगणात गाडी दाखवायला घेऊन आली. तिनं बटण दाबलं आणि हॉलमधून गणपत ओरडला, "आल्या मुंग्या!" तिनं बटण सोडलं. "गेल्या!" माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. रिमोट तिनं जमिनीवर ठेवून दिला.

"माझ्यामुळं व्हतंय?"

"तुझ्यामुळं नाही गं, मोटरीमुळं."

मोटर फिरते तेव्हा तिच्या पोटात बारीक ठिणग्या उडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण टीव्हीला दिसतात. कमजोर चित्राला तेवढं पुरतं, आणि वरून आमचा बूस्टर त्या ठिणग्याही मोठ्या करून देतो. उपाय अगदी सोपा. मोटरीच्या तोंडाशी बारीक कंडेन्सर लावायचे, ठिणगी तिथल्या तिथे जिरते. जुन्या मोटरीला ते होते, नवीला नव्हते. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर नंदानं स्वतःच्या हातानं ते लावले.

एवढ्यावर न थांबता मी रविवारी पुन्हा त्या गावात गेलो. सिनेमा सुरू झालेला, हॉल भरलेला. सरपंच पुढे खुर्चीवर, नंदाचा मामा दामू भिंतीला टेकून. दामू भातशेती सांभाळून रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, त्यामुळे कायम झोप अपुरी झालेला चेहरा. मी सगळ्यांना सांगितलं, बघा आता. नंदानं गाडी हॉलमध्ये सोडली. माणसांच्या मधून, मांड्यांना वळसे घालत, थेट टीव्हीच्या कपाटाखाली नेली, तिथे गोल फिरवली. पडद्यावर एक मुंगी नाही. सरपंच म्हणाले, "शाब्बास गं पोरी." लोक हसले. दामूसुद्धा शेजारच्याला कोपर मारून म्हणाला, "भाची हाय माझी."

मला वाटलं, विषय संपला. आमच्या धंद्यात एकदा दाखवून दिलं की संपतं. कडावचे म्हातारबाबा तेव्हा मला आठवायला हवे होते.

चित्र आमच्याकडे जायचंच. वारा आला जातं, ढग आले जातं, वीज कमी दाबानं आली तरी जातं. आधी ते गेलं की लोक गणपतला शिव्या द्यायचे, मला द्यायचे, दूरदर्शनला द्यायचे. आता त्यांना जवळचं माणूस सापडलं. जरा चित्र हललं की कुणीतरी म्हणायचा, "नंदीची गाडी बघा रं कुठं हाय." आधी थट्टेत. मग खरोखर पोरांना बघायला पाठवायला लागले. एकदा गावची वीज गेली, तर अंधारात एक जण म्हणाला, "नंदीनं घालवली," आणि सगळा ओटा हसला. सखू तिथेच बसली होती.

नंदानं टीव्ही चालू असताना गाडी काढायची बंद केली. मग रविवारी काढायचीच बंद केली. तरी एका रविवारी दोन-चार बाप्ये दामूच्या दारात जाऊन उभे राहिलेच. त्या दिवशी दामू पाळीवरून येऊन नुकता आडवा झालेला. उठला आणि त्यांच्यासमोर बहिणीला म्हणाला, "परत कुनी माझ्या दारात आलं ना, तर पोरीला मुंबईला धाडीन. लय झालं आता."

सोमवारी नंदा दुकानात आली ती डोकं चालवूनच. म्हणाली, "काका, मी शनिवारी सेल तुमच्याकडं ठेवीन. सोमवारी नेईन. सेल नसतील तर गाडी म्हंजे नुसता डबा. मग कुनी बोलू शकत नाय."

"मामाला सांगितलंस?"

"मामाला सांगितलं, गणपतकाकाला सांगितलं, सरपंचांच्या घरी बी सांगून आले."

बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या निर्दोषपणाचा एवढा बंदोबस्त करावा, याची मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला कौतुकच वाटलं. दर शनिवारी ती सेल चार्जरमध्ये स्वतः बसवून जायची, सोमवारी काढून न्यायची.

मग तो रविवार आला. दिवसभराचा क्रिकेटचा सामना, आपली टीम खेळत होती. दुपारी त्या गावचा एक पोरगा मोटरसायकलवर दुकानासमोर येऊन थांबला. "काका, बसा मागं. सगळं गेलंय. त्या नंदीनं परत केलं बगा."

मी चार्जरकडे बघितलं. सेल जागेवर होते. तसेच काढून खिशात घातले आणि मागे बसलो.

मी पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. पंचायतीच्या ओट्याखाली लाल प्लास्टिकचे तुकडे पडले होते. लोक दामूच्या दारात गेले होते, त्यानं गाडी घरातून आणली आणि सगळ्यांदेखत ओट्याच्या दगडावर आपटली. दोनदा आपटली, असं गणपतच म्हणाला. नंदा हातपंपापाशी उभी होती. रडत नव्हती. सखूनं तिचा दंड धरून ठेवला होता.

मी गाडीचं बूड उचललं. सेलचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. रिकामं. मग खिशातून सेल काढून दाखवले. "हे कालपासून माझ्या दुकानात आहेत. गाडी चाललीच कशी?"

सरपंच आत पडद्याकडे बघायला लागले.

दामू म्हणाला, "दुसरे घातले असतील."

"कुठून आणले? पत्र्यावर सेल घासल्याची एक रेघ तरी दिसते का बघ."

"सेल नसतील," दामू म्हणाला, "पन गाडी तर घरातच व्हती ना."

मी या धंद्यात जळलेली यंत्रं बघितली, बुडालेली बघितली, उंदरांनी खाल्लेली बघितली. प्रत्येकात बिघाड सापडला. इथे मला काय तपासावं तेच कळेना.

"काका, ते मागनं बगू," गणपत म्हणाला. "सामना चाललाय."

शिडी लावून कौलांवर गेलो. बघतो तर अँटेना पाइपावरच फिरून तोंड थेट खंडाळ्याकडे. खाली दोन कौलं फुटलेली, चावलेल्या काकड्या पडलेल्या, आणि पलीकडच्या आंब्यावर वानरांचं टोळकं बसलेलं. अँटेना म्हणजे त्यांचा झोका. मी वरूनच ओरडून सांगितलं, वानरांनी फिरवलीय. खाली कुणी मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं. पान्हा पिशवीत टाकला आणि शिडी उतरायला लागलो. म्हटलं, बसा मुंग्या बघत.

शिडीच्या तळाशी नंदा उभी होती.

"काका, लावा," ती म्हणाली.

"कशाला गं? यांच्यासाठी?"

"नाय लावली तर म्हंतील, नंदीमुळं गेलं ते गेलंच. मामा आईला बोलंल."

मी पुन्हा वर चढलो. पाइप धरला. आतून सगळे एकदम ओरडत होते, त्यातलं काही कळत नव्हतं. मग खिडकीपाशी तीच जाऊन उभी राहिली, आणि मला तिचा आवाज ऐकू यायला लागला. "अजून. अजून थोडं. गेलं, मागं या. आलं. बास काका." आत टाळ्या पडल्या. कुणीतरी चौकार मारला होता.

मी खाली उतरून सगळ्यांना पुन्हा सांगितलं, वानरांचं काम आहे, पोरीचा काही संबंध नाही. एक जण म्हणाला, "वानरं लय झाली यंदा." वानरांवर मात्र कुणी चिडलं नाही.

सहामाही परीक्षा तोंडावर होती. ती न देताच नंदा मुंबईला गेली. सखू शाळेतून दाखला काढायला कर्जतला आली तेव्हा मला कळलं. मी तसाच उठून दामूच्या घरी गेलो. भांडलोच म्हणा ना. दामूनं सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाला, "काका, मला काय कळत नाय व्हय? सेल नव्हते, मला बी दिसलं. पन तुमचं दुकान कर्जतला हाय. मला ह्या गावात ऱ्हायचंय." मी त्याच्यावर आणखी ओरडलो. पण येताना रस्ताभर त्याचाच विचार करत होतो. लोक त्याच्या दारात आले होते, माझ्या नाही.

नंदा दिवाळीला येणार होती, आली नाही. शेठाणीला कुठे बाहेर जायचं होतं म्हणे. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. तिचं लग्न झालं तेही तिकडनंच ठरलं, असं कानावर आलं. ती पोर कुठल्या कुठे गेली असती, असली वाक्यं मला आवडत नाहीत, कारण ती खरी की खोटी कुणाला कळणार? पण ती माझ्या टेबलापलीकडे बसली असती तर तिला मी दुकान दिलं असतं. हे मात्र खरं, आणि हे मी तिला कधी म्हणालो नव्हतो.

त्या गावचं काम घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर गणपत आला तेव्हा गेलो. नंदाची खबर मिळेल, एवढ्याच आशेनं गेलो. पंचायतीच्या अंगणात माणसं जमलेली, आत पडदाभर मुंग्या. सगळे जरा ओशाळल्यासारखे. गणपतनं मला शिडी आणून दिली आणि अगदी मनापासून विचारलं, "काका, पोरगी बी गेली, गाडी बी गेली. मग आता चित्र कशानं जातंय?"

सखू हातपंपावर हंडा भरत होती. तिनं दांडा सोडला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाली, "आता कुनाला धाडायचं ते बसून ठरवा."

तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मी कधी वर चढतो म्हणून.